व्हिडिओ गेम उद्योगातील काम आणि कल्पकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ गेम उद्योगाविषयी येणारे प्रश्न साधारणपणे दोन प्रकारचे असतात. या क्षेत्रात नोकरी करू पाहणारे तरुण आणि त्यांचे पालक कामाचे तास, पगार आणि नोकरीची शाश्वती यांविषयी विचारतात. नियमित गेम खेळणारे मात्र, मोठ्या कंपन्यांचे गेम इतके एकसारखे का झाले आहेत आणि नवे काही लहान चमूंकडूनच का येते, असे विचारतात. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गेम बनवणाऱ्यांना कोणत्या अटींवर राबवले जाते, त्यावरच कोणत्या प्रकारचा गेम बनणार हे बहुतांशी ठरते. म्हणून दोन्हींची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

एक मोठा गेम तयार करायला किती माणसे आणि किती पैसा लागतो?

कंपन्या हे आकडे सहसा बाहेर येऊ देत नाहीत. २०२३ च्या जून महिन्यात अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन (व्यापारातील स्पर्धेवर देखरेख करणारी सरकारी संस्था) या खटल्यात सोनीच्या वतीने सादर झालेल्या कागदांवर गोपनीय मजकूर काळ्या मार्करने खोडलेला होता. परंतु स्कॅन झाल्यावर शाईखालचे आकडे स्पष्ट वाचता येऊ लागले आणि ते असे अपघाताने जगाला कळले. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला आणि काम ऐन भरात असताना त्यावर २०० च्या आसपास माणसे होती. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’साठी २१ कोटी २० लाख डॉलर, ३०० माणसे आणि पाच वर्षे लागली.

यातला मोठा भाग पगाराचा असतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या उत्तरांसाठी लक्षात ठेवावी. अमेरिकेत एका माणसामागे महिन्याला दहा हजार डॉलर असा ढोबळ हिशेब धरण्याचा प्रघात अनेक वर्षे होता. त्या हिशेबाने २०० जणांचा चमू एक महिना जास्त कामावर राहिला, तर २० लाख डॉलरची भर पडते. प्रकाशनाची तारीख पुढे ढकलण्याचा विषय निघाला की वरिष्ठांचा चेहरा का बदलतो, ते यावरून समजेल.

‘क्रंच’ म्हणजे काय, आणि दर वेळी तो का होतो?

ठरलेल्या तारखेआधीच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत संपूर्ण चमूने रोज दहा-बारा तास, आठवड्याचे सहा किंवा सातही दिवस काम करण्याला या उद्योगात क्रंच म्हणतात. शेवटच्या आठवड्यात थोडी धावपळ कोणत्याही धंद्यात होते. पण येथे ती कित्येकदा वर्षभर चालते आणि वेळापत्रक आखतानाच ती गृहीत धरलेली असते, हा फरक आहे.

त्यामागची कारणे केवळ व्यवस्थापनाच्या लोभात शोधू नयेत. गेम खेळायला मजा येते की नाही, हे तो बऱ्यापैकी तयार होऊन हातात आल्याशिवाय कळत नाही. दोन वर्षे खपून केलेली लढाईची पद्धत कंटाळवाणी निघाली तर ती टाकून द्यावी लागते, आणि तिच्यावर बेतलेले शत्रू, नकाशे, ॲनिमेशन, आवाज आणि संवाद हे सगळे पुन्हा हाताखालून घालावे लागते. तारीख मात्र जागची हलत नाही, कारण ती नाताळच्या विक्रीच्या हंगामाशी, जाहिरातीच्या करारांशी आणि शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर तिमाही निकालांशी बांधलेली असते. गेममधला भाग कापण्याचा पर्यायही उशिरा सुचतो, कारण तोवर ट्रेलरमध्ये तो दाखवून झालेला असतो. तारीख हलणार नाही, गेम कापायचा नाही आणि माणसे वाढवायची नाहीत, असे एकदा ठरले की ताणण्यासारखे उरतात ते फक्त माणसांचे तास.

शिवाय उघड हुकूम क्वचितच सुटतो. शनिवारी कार्यालयात जेवण मागवलेले असते, चमूचा प्रमुख स्वतः रात्री अकरापर्यंत बसलेला असतो आणि वर्षअखेरचा बोनस गेमच्या यशाशी जोडलेला असतो. अशा वेळी सहा वाजता बॅग उचलून निघायला बरेच धैर्य लागते.

हा प्रकार उजेडात कधी आला?

नोव्हेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईए या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने ‘ईए स्पाउस’ या टोपणनावाने एक दीर्घ टिपण प्रसिद्ध केले. काम वेळापत्रकाप्रमाणे चालू असतानाही आधी आठ तास सहा दिवस, मग बारा तास सहा दिवस आणि शेवटी आठवड्याचे सातही दिवस अशी चढती भाजणी कशी लागली, हे तिने सांगितले होते. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या ओव्हरटाइमच्या दाव्यांत कंपनीने कलाकारांना १ कोटी ५६ लाख डॉलर आणि नंतर प्रोग्रॅमरना १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

प्रथा मात्र संपली नाही. जानेवारी २०१० मध्ये रॉकस्टार या कंपनीच्या सॅन डिएगो स्टुडिओतील कर्मचाऱ्यांच्या पत्नींनी तशाच आशयाचे खुले पत्र लिहिले. २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या वेळी कंपनीचे सहसंस्थापक डॅन हाउसर यांनी शंभर तासांच्या आठवड्यांचा उल्लेख जवळजवळ अभिमानाने केला आणि गदारोळ उठल्यावर, तो फक्त लेखनाच्या लहानशा चमूविषयी होता, असा खुलासा केला. २०१९ मध्ये ‘फोर्टनाइट’वर काम करणाऱ्यांचे ७० तासांचे आठवडे प्रसिद्धीस आले. सुरुवातीची दोन्ही प्रकरणे घरच्या बायकांनी बाहेर काढली, ही योगायोगाची गोष्ट नाही. कर्मचाऱ्यांचे हात गोपनीयतेच्या करारांनी बांधलेले होते, कुटुंबीयांचे नव्हते.

क्रंच केल्याने गेम चांगला होतो का?

प्रचंड क्रंचमधून गाजलेले गेम निघाले आहेत, हे नाकारता येत नाही. पण उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २०१९ मध्ये ‘सायबरपंक २०७७’साठी सक्तीचा क्रंच होणार नाही, असा शब्द दिला होता. सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा लागू झाला. एप्रिलची तारीख सप्टेंबरवर, तेथून नोव्हेंबरवर आणि अखेर १० डिसेंबर २०२० वर गेली, आणि तरीही जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर) गेम इतका मोडका निघाला की आठवडाभरात सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला. तो तेथे परतायला जून २०२१ उजाडले.

याउलट ‘हेडीस’ बनवणाऱ्या सुपरजायंट या लहान कंपनीने कर्मचाऱ्यांना वर्षाला किमान वीस दिवस रजा घ्यायलाच लावली आणि गेम अपुऱ्या अवस्थेत डिसेंबर २०१८ पासून विकायला ठेवून, खेळाडूंच्या प्रतिक्रिया ऐकत सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण केला. ‘बॉल्डर्स गेट ३’नेही हीच वाट धरली आणि जवळजवळ तीन वर्षे घेतली. आपण चुकत आहोत हे लवकर कळण्याची सोय असली, तर शेवटी रात्री जागवण्याची वेळ कमी येते.

ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का?

अमेरिकेत ठरावीक मर्यादेवर पगार असलेले संगणक व्यावसायिक बहुधा ओव्हरटाइमच्या कायद्याबाहेर धरले जातात. ईएवरचे दावे याच मुद्द्यावर उभे होते. पोलंडमध्ये ओव्हरटाइमचा मोबदला द्यावाच लागतो. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या गेम स्टुडिओलाही लागू होतो. मूळ कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असून जादा तासांना दुप्पट दराने मोबदला आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाचे तास दहापर्यंत आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. मात्र व्यवस्थापकीय पदे या तरतुदींतून वगळलेली आहेत, आणि तीन वर्षांच्या अनुभवावर ‘लीड’ हे पद इतक्या उदारपणे का वाटले जाते, याचे एक कारण कदाचित येथे सापडेल.

टेस्टिंगची नोकरी म्हणजे दिवसभर गेम खेळणेच ना?

नाही. मजा म्हणून खेळणारा माणूस दारातून पुढे जातो. टेस्टर त्या दाराच्या चौकटीला डावीकडून, उजवीकडून, उडी मारून, रांगत आणि हातात प्रत्येक हत्यार घेऊन धडकतो, कारण कुठल्या तरी एका कोनातून पात्र भिंतीत अडकते अशी शंका असते. मग पुढचे दार. अडकले, तर व्हिडिओ जोडून नोंद करायची: कोणता बिल्ड (गेमची त्या वेळची आवृत्ती), कोणते यंत्र, नेमक्या कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, दहा प्रयत्नांत किती वेळा झाले. दोन दिवसांनी ती नोंद ‘दुरुस्त केली’ असा शेरा घेऊन परत येते आणि नव्या बिल्डमध्ये तोच सगळा क्रम पुन्हा करावा लागतो. गेम बारा भाषांत निघणार असेल, तर जर्मनमधला लांबलचक शब्द बटणाच्या बाहेर गेला आहे का, हेही कोणीतरी एकामागून एक पडदा बघत तपासत असतो. सहा महिने एकाच नकाशात काढल्यावर तो गेम पुन्हा कधी डोळ्यांसमोर नको, असे म्हणणारे टेस्टर पुष्कळ भेटतात.

हे काम कौशल्याचे आहे, पण उतरंडीत त्याला सर्वांत खाली बसवले जाते. नेमणुका बहुधा कंत्राटी आणि प्रकल्पापुरत्या असतात, कायम कर्मचाऱ्यांच्या सवलती मिळत नाहीत आणि गेम प्रसिद्ध झाला की करार संपतो. गेम उद्योगातल्या संघटनांची अलीकडची लाट टेस्टिंग विभागांतूनच उठली, याचे नवल वाटायला नको.

उद्योग एवढा कमावतो, मग २०२३ पासून इतकी नोकरकपात का झाली?

कोविडच्या टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाने भरमसाट गेम खेळले, व्याजदर जवळजवळ शून्यावर होते आणि ही वाढ अशीच राहणार असे मानून कंपन्यांनी माणसे आणि स्टुडिओ दोन्ही घाऊक प्रमाणात घेतले. स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाने काही वर्षांत डझनावारी स्टुडिओ विकत घेतले. २०२३ मध्ये दोनशे कोटी डॉलरचा एक अपेक्षित करार ऐनवेळी फिसकटला, तेव्हा त्याची भरपाई त्या स्टुडिओंना करावी लागली आणि ‘सेंट्स रो’ बनवणारी, तीस वर्षे जुनी व्होलिशन ही कंपनी बंद झाली. लोक घराबाहेर पडले, व्याजदर चढले आणि गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला.

त्यानंतरच्या घटना एकामागून एक घडल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिकने सुमारे ८३० जणांना काढले. ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी ६,८७० कोटी डॉलरना घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातील १,९०० जणांना घरी पाठवले. त्याच महिन्यात गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या युनिटीने सुमारे १,८०० आणि रायट या गेम कंपनीने ५३०, तर फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९०० पदे कमी केली. २०२५ च्या जागतिक गेम डेव्हलपर परिषदेच्या सर्वेक्षणात, मागील वर्षभरात आपली नोकरी गेली असे सांगणारे ११ टक्के होते.

यात सर्वांना बोचली ती टोकियोच्या टँगो गेमवर्क्सची गोष्ट. त्यांचा ‘हाय-फाय रश’ २०२३ मध्ये आला, समीक्षकांनी आणि खेळाडूंनी डोक्यावर घेतला, आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओच बंद करण्याचे जाहीर केले. कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने ऑगस्टमध्ये तो पदरात घेतला म्हणून तो वाचला. चांगले काम केले की नोकरी टिकते, या समजुतीला एवढा उघड धक्का क्वचितच बसला असेल.

पुण्यात आणि मुंबईत नेमके कोणत्या प्रकारचे काम चालते?

सर्वांत मोठा वाटा परदेशी गेमच्या कामाचा आहे: त्रिमितीय वस्तू आणि पात्रे बनवणे, ॲनिमेशन, टेस्टिंग, आणि एका यंत्रावरचा गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणे. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचे पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ आहेत. इतर अनेक कंपन्या कंत्राटावर काम करतात.

हे कंत्राटी काम कसे चालते, ते एका लाकडी पेटीवरून पाहता येईल. गेममध्ये खेळाडू जिच्याकडे चार सेकंदही पाहणार नाही, अशा पेटीसाठी परदेशी कंपनीकडून संदर्भचित्रे आणि मापे येतात. कलाकार आधी बारकाव्यांसह जड मॉडेल घडवतो, मग तेच गेमला पेलेल इतक्या कमी पृष्ठांत बसवतो, त्याचा पृष्ठभाग सपाट उलगडून त्यावर लाकडाचा पोत, गंज आणि ओरखडे रंगवतो आणि संध्याकाळी पाठवून देतो. कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा ते साडेतेरा तास मागे असल्याने रात्रीतून तेथील कला-दिग्दर्शकाचे शेरे येतात: कडी जास्त चकचकीत आहे, डावी फळी जुनी वाटत नाही. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या करारात धरलेल्या असतात. चौथी फेरी कोणाच्या वेळेतून करायची, यावर स्टुडिओचा नफा आणि कलाकाराची संध्याकाळ ठरते. पाश्चात्त्य कंपनीने आपल्याकडे क्रंच नाही असे जाहीर केले, तर तो खरोखर थांबला की नुसता पूर्वेकडे सरकला, हे विचारायला हवे.

संपूर्ण गेमची जबाबदारी मिळण्याची मोठी संधी आली ती ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीच्या रूपाने. १० सप्टेंबर २०२० रोजी ती जाहीर झाली, पुणे आणि मुंबई स्टुडिओंचे नाव जगभर गेले, आणि पहिल्याच ट्रेलरमधील चित्रणावर सडकून टीका झाली. तारीख आधी जानेवारी २०२१, मग मार्च आणि मग अनिश्चित काळासाठी पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम युबिसॉफ्टच्या कॅनडातील माँट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आले. टीकाकारांनी ट्रेलरखाली लिहिले ते बरेचसे गेमपेक्षा तो बनवणाऱ्या माणसांविषयी होते आणि त्यात वंशद्वेषाचा वासही होता. किती पैसा आणि किती मुदत देऊन हे काम सोपवले होते, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

मग आपल्याकडे स्वतःच्या कल्पनेचे गेम होतात का?

होतात, आणि त्यातला महत्त्वाचा गेम पुण्यातच झाला. नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूच्या ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’मध्ये भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी आहे, राजस्थानी वास्तुशैली आहे, पहाडी लघुचित्रांचा हात आहे आणि कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या आहेत. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. लढाईत थोडी धार कमी आहे आणि शेवट घाईत आवरल्यासारखा वाटतो, पण त्याची दृश्यभाषा उसनी नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा मोबाइलवरचा बॅटल रॉयल (अनेकांतून शेवटी टिकणारा जिंकतो असा गेम) २०२४ मध्ये आणला. तेथे भारतीयपणा भविष्यकाळाच्या वेषात येतो, गेमचा सांगाडा मात्र परिचित आहे.

ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली, म्हणजे हे क्षेत्रही संपले का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम त्या बंदीत येत नाहीत. मुंबईच्या ड्रीम११ सारख्या कंपन्यांना त्याचा थेट फटका बसला आणि त्या प्रकारच्या कंपन्यांतील अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. या पानावर ज्या गेमविषयी लिहिले आहे, ते वेगळे आहेत.

मोठ्या कंपन्या जुनेच गेम पुन्हा का काढतात?

वीस-बावीस कोटी डॉलर पणाला लावताना कोणीही अनोळखी कल्पनेला हात घालत नाही, हे याचे थोडक्यात उत्तर आहे. जुन्या नावाला ओळखणारा ग्राहक आधीच तयार असतो आणि गेमचा आराखडा एकदा सिद्ध झालेला असतो, त्यामुळे दोन वर्षांनी सगळे टाकून पुन्हा सुरुवात करण्याची भीती कमी होते. यातले काही रीमेक उत्तम आहेत. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या दुसऱ्या आणि चौथ्या भागांच्या नव्या आवृत्त्या मूळ गेमचा नव्याने विचार करतात. तक्रार गुणवत्तेची नाही. पाच-सहा वर्षांत एकच गेम पूर्ण होत असल्याने चाळिशीपर्यंत तीन-चार गेमांवरच नाव लागते, आणि त्यातले दोन जर आपल्या बालपणीच्या गेमची डागडुजी असतील, तर नवे रचण्याची सवय कोठे लागणार, ही खरी अडचण आहे.

‘लाइव्ह-सर्व्हिस’ गेमांचा एवढा हव्यास कशासाठी, आणि त्यांचा कामावर काय परिणाम होतो?

२०१७ मध्ये ‘फोर्टनाइट’ने फुकट खेळायला देऊन पोशाख आणि नाचांच्या विक्रीतून अफाट पैसा मिळवला, तेव्हापासून प्रत्येक प्रकाशकाला कधीही न संपणारा गेम हवा झाला. सोनीने मार्च २०२६ पर्यंत असे बारा गेम आणण्याचा बेत केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो सहावर आला. त्यातला ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झाला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. ग्राहकांना पैसे परत मिळाले. बनवणाऱ्यांचा स्टुडिओ ऑक्टोबरअखेर बंद करण्यात आला आणि त्यांची कित्येक वर्षांची मेहनत कोणाला दाखवायलाही उरली नाही.

यशस्वी लाइव्ह-सर्व्हिस गेमचे ओझे निराळे असते. पूर्वी गेम दुकानात गेला की क्रंच संपे आणि माणसे रजेवर जात. आता दर काही आठवड्यांनी नवा ‘सीझन’ द्यायचा असल्याने अंतिम तारीख कायम समोर असते. कल्पकतेच्या दृष्टीनेही पाहिले, तर खेळाडूला उद्या परत आणणे हाच उद्देश झाला की कथेला शेवट देता येत नाही, आणि शेवट नसलेल्या कथेत लेखकाला करण्यासारखे फार थोडे उरते.

लहान चमूंचे गेम एवढे गाजत आहेत. तेथे परिस्थिती बरी असते का?

काही ठिकाणी असते. निर्णय घेणारा आणि काम करणारा शेजारी बसतात, चुकीची कल्पना आठवडाभरात टाकता येते आणि तारखेची जाहिरात झालेली नसते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या टीम चेरीने ‘होलो नाइट: सिल्कसाँग’ २०१९ मध्ये जाहीर करून थेट सप्टेंबर २०२५ मध्ये दिला, पहिल्या गेमने पैसा मिळवून दिला असल्याने त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. पत्त्यांच्या पोकरला चमत्कारिक वळण देणारा ‘बलाट्रो’ कॅनडातील एका निनावी प्रोग्रॅमरने मुख्यतः एकट्याने केला आणि २०२४ मध्ये तो लाखोंनी खपला. असा गेम मोठ्या कंपनीच्या बैठकीत मंजूर झाला असता, असे आम्हाला वाटत नाही.

पण या यशकथा वाचताना मागचे वाचावे. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोनने चित्रे, संगीत आणि प्रोग्रॅमिंगसह एकट्याने साडेचार वर्षे खपून २०१६ मध्ये पूर्ण केला. त्या काळात घरखर्चाला जोडीदाराचा आधार होता. मालक नसला तरी तो क्रंचच होता. फ्रान्सच्या माँपेलिये येथील सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ सुमारे तीस जणांनी बनवला, असे २०२५ मध्ये सर्वत्र छापून आले. मुख्य चमू तेवढाच होता हे खरे. परंतु ॲनिमेशन, टेस्टिंग आणि भाषांतरासाठी बाहेरची अनेक माणसे होती आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत आहेत. बाहेरून केलेले काम मोजायचे नाही, ही सवय कौतुकातही सुटत नाही.

श्रेयनामावलीत नाव येण्याला इतके महत्त्व का?

पुढची नोकरी त्यावर मिळते म्हणून. गोपनीयतेच्या करारामुळे केलेले काम उघड दाखवता येत नाही. अशा वेळी प्रसिद्ध गेमच्या शेवटी असलेले नाव हाच एकमेव पुरावा असतो. २०११ मध्ये ‘एल. ए. न्वार’ आला, तेव्हा त्यावर काम करून गेलेल्या शंभरहून अधिक जणांची नावे गाळल्याचे दिसून आले. कंत्राटी स्टुडिओंच्या बाबतीत तर अनेकदा कंपनीचे फक्त नाव येते आणि माणसे त्या एका ओळीत गडप होतात.

महिलांसाठी हे क्षेत्र सुरक्षित आहे का?

सरसकट उत्तर देणे बेजबाबदारपणाचे होईल. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डवर भेदभाव आणि छळ यांबद्दल दावा लावला. २०२३ च्या अखेरीस सुमारे ५.४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. रायटने २०२१ मध्ये अशाच प्रकरणात १० कोटी डॉलर मान्य केले. ही प्रकरणे धसास लागण्याचे श्रेय कर्मचाऱ्यांनी केलेल्या कामबंद आंदोलनांनाही आहे. आपल्याकडे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलाखतीत तिच्याविषयी विचारावे आणि समोरचा गोंधळला, तर तेही उत्तरच समजावे.

या उद्योगात कामगार संघटना आहेत का?

दहा वर्षांपूर्वी नावालाही नव्हत्या. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील रेव्हन सॉफ्टवेअर या गेम कंपनीत डिसेंबर २०२१ मध्ये बारा कंत्राटी टेस्टरना काढल्यावर उरलेल्यांनी काम थांबवले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या झेनिमॅक्सच्या सुमारे ३०० टेस्टरनी आणि २०२४ मध्ये बेथेस्डा तसेच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चमूंनी तीच वाट धरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये रॉकस्टारने ब्रिटन आणि कॅनडातील तीसहून अधिक जणांना काढले. कंपनीने गोपनीय माहिती फोडल्याचे कारण दिले, संघटनेच्या मते संघटना मोडणे हाच हेतू होता. भारतात गेम कामगारांची अशी स्वतंत्र ताकद उभी राहिलेली नाही. पुण्यातील ‘नाइट्स’ ही संघटना आयटी कर्मचाऱ्यांचे प्रश्न कामगार आयुक्तांकडे नेते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही कामे जातील का?

काही जात आहेत. संकल्पनाचित्रे, किरकोळ वस्तू, भाषांतराचा पहिला खर्डा ही नवशिक्यांची कामे आधी धोक्यात येतात, आणि पुणे, मुंबई, बंगळुरू येथील कंत्राटी काम नेमके याच जातीचे असल्याने आपल्याला ही गोष्ट अमेरिकेपेक्षा अधिक लागते. आवाज देणाऱ्या कलाकारांनी जुलै २०२४ ते जून २०२५ असा जवळजवळ वर्षभर संप करून, डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हे मुद्दे करारात घालून घेतले. चित्रकारांच्या पाठीशी तशी संघटना नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जानेवारी २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर जाहीर करावा लागतो. त्याने खेळाडूला निवड करता येते, कलाकाराला काम मिळत नाही.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे?

मागच्या गेमच्या शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्याला किती तास काम झाले आणि त्याची भरपाई पैशांत झाली की रजेत, हे सरळ विचारावे. नेमणूक कायम आहे की प्रकल्पापुरती, श्रेयनामावलीत स्वतःचे नाव येईल का, आणि किती काळाने ते काम पोर्टफोलिओत दाखवता येईल, हे लेखी घ्यावे. रात्रपाळी असेल तर घरी सोडण्याची सोय कोणाची, हेही पत्रात असावे. करारातील एक कलम मात्र सही करण्यापूर्वी दोनदा वाचावे: नोकरीत असताना घरी, स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या वेळेत केलेल्या गेमवरही कंपनीचा हक्क सांगणारी वाक्ये अनेक करारांत असतात. ती काढून घेता येत नसतील, तर निदान आधीपासून हाती असलेल्या स्वतःच्या प्रकल्पांची यादी परिशिष्टात जोडून तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.